सात ते साडेआठ

‘घरात भाजीला काहीच नाही’ हे वाक्य वऱ्हाडात तक्रार म्हणून फारसं घेतलं जात नाही. ते ऐकलं की घरातल्यांना कळतं, आज चून आहे. कढईत तेल तापतं, त्यात जिरं-मोहरी तडतडते, ठेचलेला लसूण लालसर होतो, हळद-तिखट पडतं, पाणी उकळतं आणि हरभऱ्याच्या डाळीचं पीठ एका हाताने भुरभुरत दुसऱ्या हाताने घोटलं जातं. झाकण ठेवून एक वाफ काढली की झालं. भाजी निवडणं नाही, चिरणं नाही, बाजार नाही. पंधरा मिनिटांच्या आत कढई खाली उतरते. मोठ्या शहरांतली पाककृतींची पुस्तकं ‘झटपट रात्रीचं जेवण’ म्हणून जे काही सुचवतात, त्यातलं फारच थोडं या वेगाला टिकतं.

शेगावला तर या जेवणाला देवाच्या ताटात जागा आहे. 23 फेब्रुवारी 1878 रोजी गजानन महाराज शेगावात प्रथम दिसले, असं मानलं जातं. त्यांच्या प्रकटदिनाला घरोघरी जो नैवेद्य होतो, त्यात झुणका म्हणजे हे चूनच, भाकर, अंबाडीची भाजी, कांदा आणि हिरवी मिरची असते. सणाला पुरण घालणाऱ्या महाराष्ट्रात एखाद्या संताला रोजच्या रात्रीचंच जेवण चालतं, ही गोष्ट बुलढाणा जिल्ह्यातल्या बायकांनी मनातल्या मनात नक्कीच साजरी केली असेल.

पण चून हा जेवणाचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा म्हणजे भाकर, आणि तिला घाई चालत नाही.

पाच माणसांच्या घरात आठ-दहा भाकरी लागतात. एकेक भाकर मळायची, थापायची, तव्यावर टाकायची, वरून पाणी फिरवायचं, उलटायची, मग जाळावर फुगवायची. एक तव्यावर असताना दुसरी परातीत. अर्धा तास दोन्ही हात पिठात, आणि नजर तव्यावरून हलवायची सोय नाही. नेमक्या याच अर्ध्या तासात घरातलं लहान मूल दिवसभराचं थकलेलं, भुकेजलेलं आणि किरकिरं असतं. शाळेतून येऊन खेळून झालेलं, अभ्यासाला बसायला तयार नाही, जेवण अजून ताटात नाही. ते आईचा पदर ओढतं. पिठाच्या हाताने त्याला कडेवर घेता येत नाही. मग कोपऱ्यात चार्जिंगला लावलेला मोबाइल त्याच्या हातात जातो आणि स्वयंपाकघरात शांतता पसरते.

मुलांच्या स्क्रीनवेळेवर जी भाषणं होतात, त्यांत ही परात सहसा नसते. तिथे मूल असतं, मोबाइल असतो आणि पालकांचा ‘निष्काळजीपणा’ असतो. मोबाइल कोणत्या वेळी हातात गेला आणि त्या वेळी घरातल्या बाकीच्या माणसांचे हात काय करत होते, हे कोणी विचारत नाही. या प्रकरणात तेवढंच विचारायचं आहे.

बुलढाणा जिल्ह्याची बोलण्यातली वाटणी सोपी आहे: घाटावरचे आणि घाटाखालचे. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हा अजिंठ्याच्या रांगेवरचा पठारी भाग. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा पूर्णेच्या खोऱ्यातला सपाट मुलूख. ताटातही ही वाटणी थोडीफार दिसते. मलकापूरकडे खानदेशाचा वारा लागतो, म्हणून शेवभाजी, भरीत, डाळ-बट्टी. घाटावर मराठवाड्याची सावली. पातोडीचा रस्सा, वांगं, ठेचा मात्र दोन्हीकडे. आणि भाकर दोन्हीकडे. निदान कालपरवापर्यंत होती.

भाकर वेळखाऊ का, याचं उत्तर ज्वारीतच आहे. गव्हाच्या पिठात पाणी घातलं की त्यातली प्रथिनं एकमेकांत गुंतून ग्लुटेनचं लवचिक जाळं तयार होतं. म्हणून कणीक ताणली जाते, लाटली जाते, तास-दोन तास मळून ठेवता येते, फ्रीजमध्ये टाकली तरी सकाळी कामाला येते. ज्वारीत हे जाळं तयारच होत नाही. तिचं पीठ बांधून धरायला कढत पाणी लागतं. कढत पाण्याने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि तोच गोळ्याला धरून ठेवतो. ही चिकटाई टिकाऊ नसते, म्हणून भाकरीचं पीठ एकेका भाकरीपुरतं, मळून मळून घ्यावं लागतं. दळण जुनं झालं तर पिठाची विरी जाते आणि कडा फाटू लागतात. थोडक्यात, पोळीची तयारी दुपारी उरकून ठेवता येते, भाकरीची येत नाही. भाकर करणारीला ऐन संध्याकाळीच तव्यापुढे उभं राहावं लागतं.

याच कारणाने आणि इतर अनेक कारणांनी भाकर मागे हटली. 1990 नंतर सोयाबीन आलं. चिखली, मेहकर, लोणारच्या शिवारांत आता खरिपात नजर जाईल तिकडे सोयाबीन. ज्वारीच्या कणसांवर पाखरं येतात, रानडुकरं येतात, कापणी-मळणीला माणसं लागतात. सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांत पैसा हातात देतं. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनवर प्रामुख्याने गहू आणि तांदूळ घरात आणला. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या रात्री भाकर होती, तिथे पोळी आली. पोळी लवकर होते, मुलांना मऊ लागते, डब्यात वाळत नाही. याला ऱ्हास म्हणणाऱ्यांनी आठ दिवस रात्रीच्या दहा भाकरी थापून पाहाव्यात.

ताटातला हा बदल एकदा जिल्ह्याबाहेरही गाजला. डिसेंबर 2024 आणि जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस भराभर गळू लागले. काही दिवसांतच डोक्याला टक्कल. आधी संशय पाण्यावर गेला, विहिरी तपासल्या गेल्या, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचं पथक आलं. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी नमुने तपासून घेतले आणि रेशनच्या गव्हातलं सेलेनियमचं वाढलेलं प्रमाण याला कारणीभूत असल्याचा निष्कर्ष मांडला. सेलेनियम शरीराला लागतं, पण अगदी सूक्ष्म मात्रेत. जास्त झालं की केस आणि नखं आधी जातात. रात्री ताटात काय पडतं हा फक्त चवीचा आणि सवडीचा मामला नसतो. धान्य कुठल्या मातीत उगवलं, कुठल्या गोदामातून आलं, हे सगळं त्या पोळीसोबत येतं.

खिचडीचा मामला वेगळा. भाकर-पोळी दोन्हीची उस्तवार नको असेल त्या दिवशी डाळ-तांदूळ, हळद, शेंगदाणे कुकरमध्ये जातात आणि सोबतीला कढी किंवा भाजलेला पापड. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. तिथे उघड्या पातेल्यात पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. कुकरच्या आत दाब वाढल्यामुळे तेच पाणी 120 अंशांजवळ जातं. बावीस अंशांचा हा फरक तुरीच्या डाळीला तासाभरावरून तीन-चार शिट्ट्यांवर आणतो. त्यातही पाणी कसं आहे, याला महत्त्व. पाणी जड असेल, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असेल, तर ते डाळीच्या पेशींना बांधणाऱ्या पेक्टिनला आणखी घट्ट करतं आणि डाळ कणीदार राहते. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या गृहिणी डाळीसाठी गोड्या पाण्याची कळशी वेगळी ठेवत, त्यात लाड नव्हते, शिजवण्याचं शास्त्र होतं. डाळीत चिमूटभर सोडा टाकण्याची युक्तीही चालते, पण त्यात बी-1 जीवनसत्त्वाचा बळी जातो.

कुकरचा खरा उपकार इंधनाचा नाही, लक्षाचा आहे. तो चढवून पाठ फिरवता येते. शिट्ट्या मोजत मोजत मुलाचे पाढे घेता येतात. भाकरीच्या तव्याला हे जमत नाही. संध्याकाळचा स्वयंपाक सोपा आहे की अवघड, हे मोजायचं असेल तर लागणारी मिनिटं मोजू नयेत. त्यातल्या किती मिनिटांत दोन्ही हात आणि दोन्ही डोळे अडकतात, ते मोजावं. या हिशोबात खिचडी अर्ध्या तासाची असूनही सोपी आहे आणि पंधरा मिनिटांचं चून, गाठी होऊ नयेत म्हणून सतत घोटावं लागत असल्याने, दिसतं तेवढं सोपं नाही.

आधीच्या पिढ्यांनी यावर एक तोड काढली होती. संध्याकाळची मेहनत त्यांनी उन्हाळ्याकडे ढकलली. एप्रिल-मे महिन्यांत वऱ्हाडात पारा 43-44 वर जातो आणि हे ऊन फुकट असतं. गच्चीवर, अंगणात, बाजांवर धोतरं-लुगडी अंथरून कुरडया, पापड, सांडगे, मुगवड्या, खारोड्या वाळत घातल्या जात. पावसाळ्यात भाजीला काही नसलं की मुगवड्यांचा रस्सा, पाहुणा आला की तळलेली कुरडई. म्हणजे आजच्या भाषेत ‘रेडी टू कुक’. फरक इतकाच की पाकिटावर कंपनीचं नाव नसे आणि कारखान्यात मुलं कामाला असत. कावळे हाकलणं, कुरडईचा चीक चाखणं, वाळलेले पापड पलटणं ही सगळी कामं दहा वर्षांच्या आतल्यांची. मुलांना गुंतवून ठेवायला दुसरं काही शोधावं लागत नसे.

पापड-कुरडईची प्रतिष्ठा किती, हे जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला कळतं. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी तिथे घटमांडणी होते. शेतात गोल घट आखून भोवती अठरा धान्यं मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं आणि त्यावर पाण्याने भरलेली घागर ठेवतात. घागरीवर पुरी, पापड, कुरडई, वडा, भजं असे घरचेच पदार्थ येतात. दुसऱ्या दिवशी पहाटे कोण हललं, कोण जागेवर राहिलं, हे पाहून वाघ घराण्यातले जाणते पीकपाण्याचं भाकीत सांगतात. हवामानशास्त्र त्याला मानत नाही आणि ते बरोबरच आहे. पण ज्या मुलखात चाऱ्यापाण्याचं भविष्य कुरडईला विचारतात, तिथे कुरडई वाटीत केवळ कुरकुरीसाठी पडत नाही.

आता वाळवणं विकत मिळतात. बचत गटांच्या बायका ती करून शहरांत पाठवतात, आणि करणारीच्या घरात मात्र संध्याकाळी कधी कधी बाजारची पुडी उघडली जाते. त्यातही जिल्ह्याची स्वतःची परंपरा आहे. फाळणीनंतर पंजाबातून आलेले तीरथराम शर्मा यांनी 1950 च्या सुमारास शेगाव रेल्वे स्थानकावर कचोरी विकायला सुरुवात केली. मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्यांनी ती देशभर पोहोचवली. चटणीची भानगड नाही, सोबत तळलेली हिरवी मिरची. आज घाटाखालच्या कितीतरी घरांत ‘आज कंटाळा आला’ याचं उत्तर कागदात बांधलेल्या गरम कचोऱ्या हे असतं. रोज नसावं, हे आईलाही कळतं; तिला सांगायला आहारतज्ज्ञ लागत नाही.

मोबाइल या सगळ्या चित्रात कधी आला? ग्रामीण भारतातल्या मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘प्रथम’च्या ‘असर’ अहवालांत त्याच्या खुणा आहेत. 2018 मध्ये पाहणीतल्या मुलांपैकी सुमारे 36 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. 2022 मध्ये हा आकडा जवळपास 75 टक्क्यांवर गेला. मधल्या चार वर्षांत करोना होता. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि महाराष्ट्रात 4 ऑक्टोबर 2021 ला ग्रामीण भागातले पाचवी ते बारावीचे वर्ग पुन्हा भरले. या दीड वर्षात शाळाच मोबाइलमधून आली. शेळी विकून, सोसायटीच्या कर्जातून, मोठ्या भावाच्या पगारातून फोन घेतले गेले, तेही शिक्षणासाठी. शाळा सुरू झाली तेव्हा फोन परत करायची सोय नव्हती. मुलाच्या हातात फोन कोणी दिला, असं पालकांना दरडावून विचारताना हे दीड वर्ष विसरून चालत नाही.

2024 च्या ‘असर’मध्ये 14 ते 16 वयोगटातली 82 टक्के मुलं स्मार्टफोन वापरू शकत होती. त्यांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरलेली 57 टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरलेली 76 टक्के. मोठ्यांची अशी मोजदाद झाली असती तर अभ्यासाचा आकडा याहून खाली गेला असता, यात शंका नाही.

लहानांसाठी डॉक्टरांचे नियम स्पष्ट आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल 2019 मध्ये सांगितलं की वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस अशीच: दोन वर्षांपर्यंत अजिबात नाही, दोन ते पाच वर्षांपर्यंत जास्तीत जास्त एक तास आणि तोही मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, पाच ते दहा वर्षांपर्यंत दोन तासांहून कमी. ‘देखरेखीखाली’ या शब्दावर मात्र थांबायला हवं. देखरेख करायला माणूस मोकळा असता तर मोबाइल द्यावाच लागला नसता.

शिवाय देखरेख करणाऱ्याच्या हातातही एक फोन असतो. अमेरिकेत बॉस्टनच्या परिसरात संशोधकांनी उपाहारगृहांमध्ये मुलांसोबत जेवायला आलेल्या 55 मोठ्या माणसांचं दुरून निरीक्षण केलं. 2014 मध्ये ते प्रसिद्ध झालं. 55 पैकी 40 जणांनी जेवताना फोन काढला आणि काही जण जवळजवळ पूर्ण वेळ त्यातच होते. 2009 मधला दुसरा एक अभ्यास टीव्हीचा. लहान मुलांच्या अंगावर ध्वनिमुद्रण यंत्र लावून मोजलं तेव्हा आढळलं की घरात टीव्हीचा आवाज चालू असलेल्या दर तासामागे मुलाच्या कानावर पडणारे मोठ्यांचे शब्द सुमारे 770 नी कमी होतात. टीव्ही मूल पाहत होतं की आजी, याने फरक पडत नाही. बोबडं बोलणाऱ्या पोराला शब्द घरातल्या माणसांच्या तोंडून मिळतात. मालिकेतल्या सुनेचे संवाद त्या कामाचे नसतात, कारण ती पोराला उलट विचारत नाही.

गंमत अशी की वऱ्हाडातल्या खेड्यांत स्क्रीन बंद ठेवण्याची सक्तीची योजना एकदा वर्षानुवर्षं चालली होती. तिचं नाव लोडशेडिंग. 2005 नंतरच्या काही वर्षांत गावागावांत दिवसाचे दहा-बारा तास वीज जात असे, आणि पुष्कळदा नेमकी संध्याकाळची. ओट्यावर बाज टाकून माणसं बसत, पोरं अंधारात लपाछपी खेळत, आजी गोष्ट सांगे. आज ही आठवण काढून हळहळणारे लोक विसरतात की त्याच अंधारात दहावीची मुलगी चिमणीच्या उजेडात डोळे फोडत होती आणि पिठाची चक्की बंद असल्याने दळण तसंच परत येत होतं. अंधाराने माणसं एकत्र बसली. पण कोणाला विचारून नाही.

विचारून बसण्याचा प्रयोग सांगली जिल्ह्यात झाला. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचं वडगाव, वस्ती तीन हजारांच्या आसपास. 14 ऑगस्ट 2022 ला गावाच्या बैठकीत ठरलं आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घरातला टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा एकमेकांशी बोलायचं. साडेआठला दुसरा भोंगा, मग मोकळीक. सरपंच विजय मोहिते यांनी हे मांडलं तेव्हा लोक आधी हसले. नंतर बायकांनी उचलून धरलं. ग्रामपंचायतीचे कर्मचारी, आशा सेविका, शिक्षक घरोघरी गेले. बातमी देशभर झाली, परदेशी वार्ताहर येऊन गेले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बुलढाण्यापासून फार लांब नसलेल्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बांसी गावाच्या ग्रामसभेने दुसरी वाट धरली: अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीच. बेळगावजवळच्या हलगा गावाने डिसेंबर 2024 मध्ये वडगावसारखीच सात ते नऊ अशी दोन तासांची वेळ ठरवली. जगातही हेच दोन मार्ग दिसतात. चीनने 2021 मध्ये अल्पवयीन मुलांचे ऑनलाइन खेळ शुक्रवार ते रविवार रात्री आठ ते नऊ या एका तासावर आणले. ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांची खाती ठेवायला मनाई करणारा कायदा 10 डिसेंबर 2025 पासून लागू झाला.

बंदी घालणाऱ्यांपेक्षा वडगावची गोष्ट जास्त शहाणी वाटते, त्याला एक कारण आहे. बांसीची बंदी मुलांवर होती, चीनचीही. वडगावचा भोंगा आजोबांसाठी, बापासाठी आणि मालिका पाहणाऱ्या काकूंसाठीही तेवढाच वाजतो. शिवाय त्याने अख्खा दिवस मागितला नाही, नेमके दीड तास मागितले, आणि ते चूल पेटलेली असण्याचे दीड तास होते. सगळ्या गावाचा टीव्ही एकदम बंद झाला की ‘शेजारच्या पिंट्याला मिळतो, मलाच का नाही’ हा युक्तिवाद पडतो. एकट्या घराने हाच नियम पाळायचा ठरवला तर तो आठवडाभरही टिकणं अवघड, कारण तिथे भोंगा आईलाच व्हावं लागतं.

आणि आईकडे आधीच पुष्कळ कामं आहेत. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या. पुरुषांपैकी घरकामाला हात लावणारेच मुळात 26 टक्के, आणि हात लावणाऱ्यांची सरासरी 97 मिनिटं. 2024 च्या पाहणीत बायकांची मिनिटं 289 झाली. दहा मिनिटांची ही सुटका पुरुषांमुळे झाली म्हणावं तर त्यांचीही 97 वरून 88 वर आली. उरलेलं श्रेय मिक्सरला, नळाला आणि गॅसला द्यावं लागेल.

म्हणून ‘मुलाला मोबाइल देऊ नका’ हा सल्ला ज्या घरात एकच जोडी हात पिठात असते, तिथे जाऊन थबकतो. तिथे दुसरी एखादी जोडी लागते. बाप चौकातून सातच्या आत घरी आला, कुकर त्याने चढवला, किंवा नुसतं पोराला घेऊन दळण आणायला गेला, तरी तवा आणि मोबाइल यांच्यातला सौदा मोडतो. आजी-आजोबा असलेल्या घरांत तो कधी कधी आपोआप मोडलेला असतो. अर्थात आजोबांनाच व्हिडिओंचा नाद लागलेला नसेल तर.

दुसरी वाट मुलालाच ओट्याजवळ घेण्याची. वऱ्हाडातला हिवाळा यासाठी फार सोयीचा. डिसेंबर-जानेवारीत तुरीच्या हिरव्या शेंगा येतात. त्यांचे सोले काढणं हे काम चार वर्षांच्या मुलाला जमतं आणि पाऊण तास पुरतं. त्या सोल्यांची आमटी किंवा सोलेभात रात्री ताटात आला की पोर सगळ्यांना सांगतं, हे मी सोलले. हरभऱ्याचे घाटे सोलणं तसंच, लसूण सोलणं थोडं कठीण, कोथिंबीर निवडणं सोपं पण कंटाळवाणं. पाच-सहा वर्षांचं मूल डाळ-तांदूळ मापाने काढून धुऊ शकतं. त्यात मोजणी येते, तांदळाच्या दुप्पट-अडीचपट पाणी म्हणजे किती, हे हाताला कळतं. आठ वर्षांच्या पुढे चुनासाठी पीठ आधी गार पाण्यात गाठी मोडून कालवून ठेवणं जमतं. या एका युक्तीने चून घोटायचा त्रासही निम्मा होतो. तापलेलं तेल, कुकर आणि पेटती शेगडी मात्र मोठ्यांकडेच राहावी. चुलीच्या घरात जमिनीवर जाळ असतो, पऱ्हाटीची काडी अचानक भडकते; तिथे लहान मुलाची जागा परातीच्या बाजूला, जाळापासून दोन हात लांब.

यात स्वयंपाक लवकर होत नाही, उलट दहा मिनिटं उशीरच होतो. सोल्यांतले निम्मे पोटात जातात, तांदूळ जमिनीवर सांडतात. पण पदर ओढणारं पोर कामाला लागलेलं असतं. मुलींना हे करायला लावून मुलांना फोन द्यायचा, ही जुनी चाल मात्र इथे हळूच परत येते. बऱ्याच घरांत कोथिंबिरीची जुडी बहिणीपुढे पडते आणि भाऊ क्रिकेटचा स्कोअर बघतो.

रात्र लांबली की तिचा परिणाम सकाळवर होतो. तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर 2023 मध्ये जाहीरपणे म्हटलं की मुलं मध्यरात्रीपर्यंत जागतात आणि शाळेसाठी लवकर उठवली जातात, तेव्हा शाळेच्या वेळा बदलायला हव्यात. फेब्रुवारी 2024 मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय काढला. शहरातल्या सकाळच्या शाळांना आणि त्यांच्या बसगाड्यांना याची झळ लागली. खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळा बहुतेक दहा-साडेदहाच्या सुमारासच भरतात, त्यामुळे तिथल्या आईला या निर्णयाने झोप वाढवून मिळाली नाही. तिला शेतात जायचं तर डबा सातलाच हवा.

तो डबा पुष्कळदा आदल्या संध्याकाळी सुरू झालेला असतो. दहा भाकरींतल्या दोन उरतात. सकाळी त्या कुस्करून कांदा, मिरची, शेंगदाणे घालून फोडणीला टाकल्या की नाश्ता तयार. कुस्करायचं काम झोपाळू पोरांकडे द्यावं, जमलं तर भावाकडे आधी. भाकर शिळी झाल्याने कडक असते, बोटांना जोर लागतो, आणि एक हात फोनसाठी मोकळा राहत नाही.